सात पौंड

डॅशबोर्डवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा,
त्यावर माझंच अक्षर, शिसपेन्सिलीतलं:
रिकामी – पाच.
बियाण्याची पोती – चाळीस.
वासरांचा ट्रेलर – साठ.
आणि खाली, नंतर कधीतरी, निळ्या बॉलपेननं:
आई – सात.

मागच्या आसावर दोन रबरी फुगे आहेत,
पाटे आणि चौकट यांच्या मधोमध,
लोणच्याच्या बरणीएवढे.
ते नव्हते तेव्हा ट्रेलर जोडला की
पिकअपची कंबर खचायची,
नाक वर करून उभी राहायची
मानपानावरून रुसलेल्या विहिणीसारखी.
रात्री दिवे रस्ता सोडून चांदण्या दाखवायचे
आणि समोरून येणारे शिव्या घालत जायचे.

रेमी पेल्टियेनं दुपारभर गाडीखाली पडून ते बसवले.
पैशांऐवजी अर्धं डुक्कर नेलं.
हात पुसत म्हणाला, ल्यूबा, एक लक्षात ठेव,
गाडी रिकामी असली तरी पाचच्या खाली जायचं नाही.
सगळी हवा काढलीस
तर रबर स्वतःलाच चावतं.

आई आठवड्यातून तीनदा.
सोम, बुध, शुक्र, यॉर्कटनला, रक्त धुवायला.
आधी अकरा मैल खडी, मग डांबर.
झिजलेले तीन मणके,
वजन कोटासकट अठ्ठेचाळीस किलो.
काट्याच्या हिशेबात हे ओझंच नव्हे.
तरी पाचवर गाडी खड्ड्यात तळाला आदळे.
ती बोलत नसे काही,
पर्सचा बंद तेवढा घट्ट धरी.
बारावर गाडी उडे.
दहावर "ठीक आहे" म्हणाली,
म्हणजे ठीक नव्हतं.
मी बटण दाबत राहिले,
सीटखाली कॉम्प्रेसर घुरघुरत राहिला,
एकेक पौंड, एकेक मैल, तीन आठवडे.
सातवर, धान्याच्या कोठाराजवळ,
तिनं अचानक विचारलं,
"या हलुश्चाकांना हिरवाच रंग सापडला का गं?"
तेव्हा कळलं,
पाठीला ती विसरली आहे.
पेन सापडेपर्यंत
मी तो आकडा तोंडात धरून ठेवला.

जानेवारीत, उणे चौतीसला,
नळीतली ओल गोठली, जोड उकलला, डावा फुगा बसला.
सकाळी गाडी एका अंगावर कललेली.
आई म्हणाली, तुझा बाप असाच उभा राहायचा
शुक्रवारी रात्री, फाटकाला धरून.
गाडी शेडमध्ये घेतली, शेगडी लावली,
भांड्यांचा साबण कोमट पाण्यात कालवून
जोडांवर शिंपडत गेले, बुडबुडा शोधत.
ती दारात, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून,
डावीकडे, अगं डावीकडे, तो बघ, तो!
नजर तिची शेवटपर्यंत पक्की होती.
त्या दिवशी आम्ही चाळीस मिनिटं उशिरा पोचलो
आणि नर्सला तिनं सांगितलं,
आज गाडी मी दुरुस्त केली.

एप्रिलपासून सोमवारी कुठे जायचं नसतं.
वासरं नेते, बियाणं आणते.
उतरवून झालं की हवा सोडते,
फुस्स करून मागची बाजू खाली बसते,
काटा घसरत येतो,
साठ, तीस, बारा,
आणि अंगठा बटणावरून आपसूक उचलला जातो
सातवर.

परवा रेमी शेजारी बसला होता.
त्यानं काटा पाहिला.
पट्टी वाचली, वरपासून खालपर्यंत,
ओठ हलवत, चष्मा नसताना वाचतात तशी.
रिकाम्या गाडीला पाच पुरतात
असं काही म्हणाला नाही.
खडी सुरू झाली. त्यानं काच खाली केली,
कान बाहेर काढून म्हणाला,
मागच्या उजव्या चाकातून आवाज येतोय,
बेअरिंग असेल. बघायला हवं.
आण कधीतरी.
आणते, मी म्हटलं,
सोमवारी.