गडगा

दापोलीच्या दवाखान्यात डॉक्टर फरहत पावसकरांनी
माझे तळवे खिडकीच्या उजेडात धरले.
अकरा वर्षं हर्णैच्या शेडमध्ये, बर्फात, कोलंबी सोलणारे.
पेरापेराला भेग, भेगेत मीठ.
चिठ्ठीच्या पाठीवर त्यांनी एक भिंत काढली
आणि विचारलं, गडगा माहिताय?

मला माहीत नसेल?
आमच्या परड्याला तोच आहे,
नुसते दगडावर दगड.
फटीतून वारा जातो, फुरसं जातं,
पाणी तर विचारतही नाही.
तुमची कातडी तशी झालीय, म्हणाल्या.
दगड आहेत. मधला लेप गेलाय.

मग लेप कोण करतं ते सांगितलं.
तळाशी पेशी जन्मते, महिनाभर वर सरकत राहते,
आणि वाटेत पोटात बारीक पिशव्या भरते.
पिशवीत स्निग्धाच्या घड्या,
ट्रंकेत दाबलेल्या लुगड्यांसारख्या:
सिरामाइड, मेदाम्लं, कोलेस्टेरॉल.
कोलेस्टेरॉल? मी दचकले. दिराला तेच झालंय.
इथे ते लागतं हो, त्या हसल्या.

वरच्या थराशी आली की पिशव्यांची तोंडं उघडतात,
सगळं बाहेर, शेजारणींमधल्या फटींत.
पण सिरामाइडला अजून साखरेचा कण चिकटलेला.
तो खुडावा लागतो,
आपण कोलंबीचं डोकं खुडतो तसा.
मगच घड्या उलगडून थर बसतो.
आणि खुडणारं जे काय असतं
ते आंबटातच काम करतं.
आम्ही दिवसातून नऊदा
साबणाने, क्लोरीनने
तोच आंबटपणा धुऊन टाकतो.

आणि ती पेशी?
मरते. चपटी होऊन तिथेच बसते.
म्हणजे गवंडीही तीच आणि चिराही तीच,
मी म्हटलं, आणि त्यांनी पहिल्यांदा
माझ्या हातांवरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं.

पंधरा दिवस हात पाण्यात नकोत.
मी मान हलवली. मान हलवायला काय जातं.
गणपती नुकते गेलेत, होड्या भरून येतायत,
आणि मुकादम किलोवर पैसे मोजतो.

मलमाच्या ट्यूबवर तीच तीन नावं होती.
किंमत, माझी दोन दिवसांची सोलणी.
ती घेतली. मुठेलही तापवलं, सासूचं मन राखायला,
आणि टाचांना लावलं.
हातांवर धाकट्याचे मोजे चढवून निजले.

झोप येईना. आत कुठेतरी
न सांगता, न मोजता
भरती चालली असेल, पिशवीमागून पिशवी.
आज तळाशी जन्मली असेल जी,
ती दसऱ्याच्या सुमारास वर पोचेल.
तिला कोणी सांगू नका
टेंपो साडेचारला येतो ते.