स्कूश

मुहर्रकला, आमच्या लॉन्ड्रीच्या दारात
दुपारी दोनच्या उन्हाला पाठ करून
मोराग सिस्टर म्हणाली,
कॉलरच्या चुणीवर बोट ठेवून,
'इथे जरा स्कूश.'

मी सुगुणनकडे पाहिलं.
सुगुणननं छताकडे.
त्याला पाच भाषांत हिशेब येतो,
पण हा शब्द त्याच्याही वहीत नव्हता.

मग तिनंच टेबलावरची बाटली उचलली,
घोडा दाबला.
कॉलरवर धुकं बसलं
आणि शब्दाचा अर्थ
बाटलीनंच सांगून टाकला.

एवढंच?

एवढंच नाही, म्हणाली.
ग्लासगोकडचा आमचा घरगुती शब्द,
लंडनवाल्यांनाही नीट कळत नाही.
काचेवर मारतात तो स्कूश,
केकवर नळीतून मलई सोडतात, तोही.
तिचे आजोबा तर सोड्याच्या बाटलीलाच स्कूश म्हणायचे.
आणि एखादं काम अगदी हातचा मळ असलं
तर त्यालाही: स्कूश.

ती गेली. मी इस्त्री फिरवत राहिलो.

आमच्याकडे पाण्याला इतकं मोकळं सोडत नाहीत.
शिंपडायचं ते गुलाबपाणी, मांडवाच्या दारात.
सडा अंगणात.
शिंतोडे उडतात ते नावावर.
पिचकारी रंगाची,
नाहीतर जिन्याच्या कोपऱ्यातली, लाल.
फवारणी म्हटलं की हात आधी नाकाकडे जातो.
तुषार नावाचा एक मुलगा आमच्या आळीत होता,
त्यापलीकडे तो शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकला नाही.

आणि बाबा जे करायचे
त्याला आम्ही काहीच म्हणत नव्हतो.

तांब्यातला घोट घ्यायचे,
गाल फुगवायचे,
ओठांची फट सुईच्या नाकाएवढी,
फुर्र.
आख्ख्या शर्टावर सारखं दव.
एकही थेंब जाड नाही.
मग कोळशाची इस्त्री, आणि तो वास,
जो वाफेच्या इस्त्रीला येत नाही,
कितीही तापवा.

मी त्यांच्याकडूनच शिकलो.
इथे पहिल्याच दिवशी एका पांढऱ्याशुभ्र थोबवर
तोंडानं पाणी मारलं.
अबू रशीदनं मनगट धरलं.
ओरडला नाही.
तीनशे फिल्सची निळी बाटली आणून
मुकाट्यानं हातात दिली.
तेव्हापासून माझ्या तोंडाला काम नाही.

गेल्या गौरीत बाबांची उजवी बाजू गेली.
आई फोनवर म्हणाली, चूळ भरता येत नाही रे.
पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळतं.
बोलणंही तिथूनच गळतं,
आम्ही उरलेलं ऐकतो.

सिस्टरला सांगितलं.
ती थोडा वेळ काहीच बोलली नाही.
मग म्हणाली, जाऊन ये ना,
चार तासांचं विमान, स्कूश.

पासपोर्ट अबू रशीदच्या ड्रॉवरमध्ये.
करार संपायला चौदा महिने.
शब्दाचा हा अर्थ मी तिला परत केला,
पावती न मागता.

दाभोळचा मुनाफ सुट्टीवर निघाला
तेव्हा त्याच्या बॅगेत, मुलांच्या बुटांशेजारी,
तसलीच एक बाटली कोंबली.
निळी. रिकामी.
पाणी तिकडचंच बरं.

शुक्रवारी फोन लावला.
आई म्हणाली, थांब, ऐक,
आणि मोबाइल कुठेतरी नेऊन धरला.

आधी श्वास.
मग प्लास्टिकची कुरकुर.
मग बराच वेळ काहीच नाही, माझे पैसे जात होते.
मग

स्कूश.

आणखी एकदा. थोडा तिरपा.

'इस्त्री कसली करतायत?' मी विचारलं.
'कसली इस्त्री? मांजरावर मारतायत.'
'उजव्या हातानं?'
'नाही रे. डाव्याच.'
मग जरा थांबून म्हणाली,
'पण मांजर पळालं.'