जळूपट्टी

खानापूरच्या कचेरीबाहेर, झेरॉक्सच्या टपरीला लागून
माझं टेबल. मोडी वाचून देतो, पानाला साठ रुपये.
लोक येतात ते बांधासाठी,
विहिरीतल्या दोन आण्यांच्या हिश्श्यासाठी.
नागव्वा पाळेकर आली ती खताच्या पिशवीतून
अख्खा रुमाल घेऊन.
कडा वाळवीनं खाल्लेल्या, आतली शाई मात्र कालची वाटावी अशी,
काळी नव्हे, तांबूस.

मौजे जळखोल. देसगत रुद्रोजी.
मग त्याचा मुलगा सखोजी, सखोजीचा पुन्हा रुद्रोजी,
आणि वेलांटी तीच.
एकशे चाळीस वर्षं एकाच हाताची वेलांटी.
मी चष्मा पुसला.

कचेरी भरे ती दिवेलागणीनंतर.
"श्रीमंतांस उजेड सोसत नाही, सबब
फिर्यादीनं कोंबडा आरवायच्या आत म्हणणं संपवावं."
गोव्याच्या चिताऱ्यास रुपये अकरा:
"पागोटं बरं उतरलं. तोंड उतरलं नाही."

मग पट्ट्या. घरपट्टी, म्हैसपट्टी, लग्नटका,
आणि एक शब्द, जो मी दोनदा लावून वाचला.

देसाई कुणाच्या मानेला तोंड लावत नसत.
ते हलकं काम.
तळ्याच्या पायरीवर कुळं पोटऱ्या सोडून बसत,
जळू टच्च फुगली की कारकून ती काशाच्या वाटीत घेई,
तागडीत तोली, आणि लिही:
"सखू कोम भैरू पाळेकर. जळवा चार. भरल्या तीन. बाकी एक."
"बाळंतीण, सबब निम्मी सूट."
"मयत. बाकी मुलाच्या नावे."

"हीच," नागव्वा म्हणाली. "हीच आमची. वाचा की परत."

परत वाचलं.

पुढे निपाणीकडचा एक गाडीवान, नाव येमाजी,
चाक मोडलं म्हणून जळखोलात तीन रात्री राहिला.
भाकरीच्या बदल्यात तंबाखूचे जुडे देऊन गेला.
त्यानंतरच्या नोंदी आखूड:
"जळवा गळून पडतात."
"जळवा धरीत नाहीत."
"कुळांचं रक्त कडू. श्रीमंतांस ओकाऱ्या."
"तंबाखूस मनाई करावी."
मनाईचा कागद चावडीवर लागला. खाली शेरा:
"ऐकण्यास कोणी आलं नाही."

लढाई नाही, तलवार नाही,
कुणी पोवाडा बांधावा असं काहीच नाही.
गाव नुसतं चघळत राहिलं
आणि थुंकत राहिलं.
शेवटच्या पानावर ती वेलांटी पहिल्यांदा थरथरली,
अर्ध्यात सुटली. पुढची पानं कोरी.

जमीन पाळेकरांची, याला दुसरा पुरावा नाही.
ज्यांचं प्याले त्यांचीच तेवढी नावं
देसायांनी नीट लिहून ठेवली.

कोर्टाला कागद कानडीत लागतो.
तर्जुमा हुक्केरीच्या मठपतींकडे. त्यांचा फोन आला:
"मास्तर, जळूपट्टी म्हणजे काय लिहू?"
मागे त्यांच्या घरात कुकरची शिट्टी झाली.
मी म्हटलं, नेत्तर लिहा.
"नेत्तर-कंदाय," ते हळूच म्हणाले.
"हौदु. बसतंय."

रुमाल बांधताना पाहिलं, बोट कापलं होतं,
कागदाची धार लागली असावी.
पानावर डाग शोधला.
उलटून, उन्हात धरून शोधला.
नव्हता.

नागव्वानं कमरेची चंची सोडली, चिमूट पुढे केली.
म्हटलं, मी खात नाही.
तिनं माझ्या बोटाकडे पाहिलं.
"खावा मास्तर.
कागुद वाचलासा न्हवं."