उंदीर किती होते

गुरुवारचं आरोग्याचं पान माझ्याकडे.
जळगावात, छापखान्याच्या वरच्या मजल्यावर,
कूलरच्या ओल्या वाळ्याच्या वासात
मी दूरच्या प्रयोगशाळा मराठीत आणते.
बावीस पानांचे दोनशे शब्द करते,
तक्ते वगळते, तळटीपा वगळते,
उंदरांना शक्यतो शेवटच्या परिच्छेदात ठेवते.

मूळ निबंधात शंकेसाठी पाच-सहा शब्द असतात,
प्रत्येकाचं वजन वेगळं,
सराफाच्या काट्यावर गुंज वेगळी नि मासा वेगळा, तसं.
माझ्याकडे सगळ्यांना मिळून एकच:
कदाचित.

रात्री साडेनऊला पानं लावणारा विसपुते म्हणतो,
ताई, मथळ्यात चार अक्षरं जास्त होताहेत.
कोणती चार, ते त्यालाही माहीत असतं,
मलाही.

केळ्याने झोप सुधारते.

या जिल्ह्यात असा मथळा छापणं म्हणजे
सासरी येऊन सासरचं कौतुक करणं.
रावेरच्या एका आडत्याने तो कापून
काट्याच्या वर चिकटवला.
पिंप्राळ्याच्या बाईने फोनवर विचारलं,
बाळाला सालीसकट उकडून द्यायचं का?
आणि माझी आई,
सतरा वर्षांची साखर अंगात सांभाळणारी,
रात्री निजताना दोन केळी खाऊ लागली.

आई, तुला चालत नाहीत.
पेपरात आलंय ना.
अगं, ते मीच लिहिलंय.
मग तर खरंच असेल, म्हणाली,
आणि साल बादलीत टाकली.

त्या सोमवारी रुबाब तडवी आले, यावलहून, एसटीने.
धुवट पायजमा, खिशात चष्म्याची डबी,
डबीत घडी केलेलं माझं कात्रण.
पाणी प्यायले. पंख्याखाली बसले.
मग विचारलं,
"ताई, उंदरं किती व्हते?"

अकरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
फाइल उघडली. अठरा.
नऊ केळीवाले, नऊ बिनकेळीचे.
"मंग झोपले किती?"
नवांतले पाच.
"आन् बिनकेळीचे?"
तीन.

ते हसले नाहीत.
कात्रणाच्या कडेला पेन्सिलीने लिहून घेतलं,
पाच, तीन,
एखाद्या घरच्या लेकरांचं वय लिहावं तसं.

एकतीस वर्षं तापीवर होते,
पुलाच्या खांबावरच्या पट्टीवर पाण्याची उंची वाचायला.
पावसाळ्यात दर तासाला. रात्रीही, बॅटरी धरून.
म्हणाले, पाणी काही उभं राहत नाही ताई,
लाट येते, पट्टीवर वर-खाली होतं,
तीनदा वाचायचं, मधलं धरायचं.
साहेबाला एकच आकडा लागायचा.
द्यायचो.
पण वहीत, आकड्याच्या शेजारी,
लहान अक्षरात लिहून ठेवायचो:
लाट होती.

कुणी वाचायचं का ते?
"नाही," म्हणाले. "पण व्हती ना."

आईची साखर त्या आठवड्यात दोनशे एक्क्याऐंशी निघाली.
केळ्यांमुळेच, असं मी म्हणाले असते.
मधल्या घरी बारसं होतं, श्रीखंड होतं,
गोळी दोन दिवस संपलेली होती.
एकच बाई, एकच आठवडा.
मी तरी कुठला मथळा द्यायचा?

पुढच्या गुरुवारी चालण्याबद्दल होतं, गुडघ्यांबद्दल.
मथळा विसपुतेने बसवला, ठसठशीत.
मी खाली, रेघेच्या आत,
सात पॉइंटात एक ओळ घातली:
माणसं चाळीस. सगळी एका गावची. लाट होती.

ताई, हे शेवटचं काय आहे?
प्रूफची चूक का?
त्याचा हात कळीवर थांबलेला.
खाली यंत्र गरम व्हायला लागलं होतं,
जमीन पायाखाली हलकी थरथरत होती.

असू दे, म्हटलं.
आणि त्याने ठेवलं की काढलं,
ते सकाळी आईच्या हातातच कळणार होतं.