सतरावा रकाना

गोथेनबर्ग, एकोणीसशे एकाहत्तर.
तिसऱ्या मजल्यावर, हीटरला खेटून माझं टेबल.
विषयाला तेव्हा धड नावही नव्हतं;
अर्थशास्त्रवाले म्हणत, ही तर दुकानदारी,
भूगोलवाले म्हणत, आमच्याकडे खोली नाही.
ग्रंथपाल ऊवे आमची पुस्तकं
जहाजवाहतुकीच्या फळीवर कोंबायचा,
जकात आणि दीपगृहं यांच्या मधोमध.

मी टंकलेखिका. पुढे कार्डांना भोकं पाडणारी.
राग्नवाल्ड कंपन्यांच्या तळघरांतून खोकी उचलून आणायचा,
मी शिंकत शिंकत उघडायची.
परदेशातल्या एका कचेरीचं एक कार्ड:
कुठला देश, कुठलं साल,
आधी दलाल की थेट आपला माणूस,
बंद झाली असल्यास का.
करवती, दूध घुसळायची यंत्रं, बॉल बेअरिंग,
एक कंपनी तर नुसत्या चाकूच्या मुठी विकणारी.

पुस्तकात होतं: व्यापारी हिशेब करतो,
नफा दिसेल तिथे जातो.
कार्डं काही वेगळंच बोलत होती.
सगळ्या आधी नॉर्वेला. मग डेन्मार्क, फिनलंड.
अंधारात पाण्यात उतरणारा
आधी अंगठा बुडवतो, तशा.
पैसासुद्धा बुजतो, राग्नवाल्ड म्हणाला,
आणि त्या दिवशी जेवायला गेलाच नाही.

कुठूनसा त्याने एक शब्द उचलला: अंतर.
मैलांचं नव्हे. भाषेचं, सवयींचं,
समोरचा हसला
तर हो म्हणाला की नाही, याचं.
शब्दाभोवती चौकोन आला, चौकोनाला बाण फुटले,
बाणांवर परिषदा भरल्या, नियतकालिकं निघाली,
समीकरणात तो एका अक्षरापुरता उरला.
ऊवेने अखेर एक कपाट रिकामं करून दिलं.
विषय झाला. केक कापला. कॉफी मीच केली.

सतरावा रकाना: बंद होण्याचं कारण.
एक ते आठ ठरलेली. नऊ म्हणजे अज्ञात.
फेब्रुवारीत एक कार्ड हाती आलं:
करवतीची कंपनी, पोर्तो अलेग्रे, ब्राझील,
उघडली अठ्ठावन्न, बंद चौसष्ट.
त्या कचेरीत माणूस एकच होता.
माझा भाऊ, स्टूरे.

पहिल्या वर्षी दर आठवड्याला पत्र.
मग नाताळला.
मग नाताळलाही नाही.
शेवटच्या पत्रात होतं:
सिगब्रिट, इथे येऊन कळलं, मी बोलका आहे.
करवती गोदामात गंजल्या.
आई जाईपर्यंत त्याच्या सायकलला तेल घालत राहिली.

मला कारण ठाऊक होतं.
मी नवावर भोक पाडलं.

परवाच्या शरदात कुमासीहून एक मुलगी आली,
अबेना ओफोरीवा. प्रबंधासाठी जुनी कार्डं हवी होती.
जपून ठेवलेलं कोण? मीच, निवृत्त, गुडघे गेलेली.
दोन दिवस चाळून म्हणाली,
ही सगळी अंतरं इथून तिथे मोजलेली.
तिथून इथे कुणी मोजलं का?
मी म्हटलं, तेवढंच भरणार ना. रस्ता तोच.
ती हसली.
हो म्हणाली की नाही, कळलं नाही.

मग मी तिला ते कार्ड शोधून दिलं, आणि पेन्सिल.
भोक काही बुजत नाही, म्हटलं,
पण मागची बाजू कोरी आहे.