गजगा

पेडणेकर सिस्टरची बदली झाली
आणि उपकेंद्राच्या ड्रॉवरात राहिले
गोळ्यांच्या रिकाम्या डबीत पाच गजगे.
राखेच्या रंगाचे, गुळगुळीत.
कानाशी हलवले तर आत काहीतरी खुळखुळायचं.

दुपारी पेशंट नसले की ती ते उधळायची,
पालथ्या हातावर झेलायची. म्हणायची,
आमच्याकडे वाळूत वाढतं हे झुडूप.
भरती बिया घेऊन जाते, महिनोन्महिने तरंगतात,
कुठंतरी लागतात, तशाच कोऱ्या.

रुजू झाली त्या दिवशी
आमच्या हापशीच्या पाण्याचा चहा तिनं थुंकला होता.
मग हसत सुटली : गो बाय, हा तर समुद्रच!
खारपाणपट्ट्यात जन्म गेला माझा.
समुद्र मी तेवढाच पाहिला, तिच्या तोंडावर.

उपकेंद्राला कुंपण नाही.
लसीच्या रांगेत बकऱ्या उभ्या राहतात.
मेंदी लावली, जळाली. शेवरी, तीही.
उन्हाळ्यात मातीवर पांढरा खार फुटतो,
लहान पोरं तो बोटानं चाटतात.

एक गजगा पुरला तसाच.
पावसाळा गेला, थंडी गेली,
उकरला तर होता तसाच, जरासा चिखलला.
वेल्डिंगवाला देवानंद तायडे म्हणाला,
‘बाई, त्याले घासा लागते. उगवाचं सांगाले
कोनी आत तर गेलं पायजे.’
आणि कानस दिली.

चार घासले. बोटाला चटका बसला,
तेव्हा शाळेतली सुलोचना इंगोले आठवली,
फरशीवर गजगा घासून
मागून दंडाला टेकवायची.
राखेखाली तांबूस, तांबूसखाली पांढरं.
तिथं थांबायचं.

किडनी ट्रेमध्ये रात्रभर कोमट पाणी. हापशीचंच.
टँकरचं गोडं पाणी बाळंतिणींना पुरत नाही,
आणि म्हटलं, याला तर सवय असेल.
सकाळी तीन फुगलेले, दुप्पट,
चौथा अजून हट्टाला पेटलेला.

सलाईनच्या पिशव्या कापून माती भरली.
एक कुजला. वास आला तेव्हा कळलं.
एकोणिसाव्या दिवशी दोघांनी मान काढली, वाकडी.
लसीकरणाच्या वहीत मागच्या पानावर लिहिलं :
दोन. वजन घेतलेलं नाही.

पाचवा डबीतच आहे. तो घासणार नाही.

रोपं आता वीतभर झालीत,
काटे अजून मऊ, बाळाच्या नखांसारखे.
काल गवळ्याची काळी बकरी
हुंगून गेली, खाल्लं नाही.
परत येईल ती.
बघू, तोवर किती टोकदार होतात.