डेक

तिसऱ्या फेरीत विचारलं त्यांनी :
चोडणच्या फेरीबोटीतून दिवसाला किती दुचाकी पार होतात?
अचूक नको. विचार कसा करता ते दाखवा.

मी बेटावरची घरं धरली,
घरटी दीड स्कूटर,
पलीकडच्या पुलाने जाणारे वजा केले,
गर्दीच्या वेळा दोन, खेपा इतक्या, एका खेपेत इतक्या,
आणि कागदाच्या तळाशी एक गोल आकडा आला.
त्याच्याभोवती चौकोन काढला.
समोरच्या बाईंनी मान हलवली.

बाबांचं नाव घेतलं नाही मी.
सव्वीस वर्षं त्याच बोटीची साखळी सोडून
रायबंदरच्या धक्क्यावर फळी टाकणारा माणूस
माझ्या अर्जात
'वडील : सरकारी नोकरी'
एवढाच होता.

पत्र आलं त्या रात्री त्यांना आकडा सांगितला.
ते बांगड्याचा काटा काढत होते.
"कुठल्या दिवसाचा?"
सरासरी, मी म्हटलं.
"सरासरीला मी कधी पार नेलं नाही, बाय.
चतुर्थीच्या आदल्या दिवशी
माटोळीचं सामान बांधलेली एक स्कूटर म्हणजे दोन धर.
ओहोटीला फळी उभी राहते, बुलेटवाले उतरून ढकलतात,
तेव्हा निम्मीच खेप.
आणि मिंगेलची यामाहा दिवसाला चारदा जायची,
त्याची बायको इस्पितळात होती ते दीड महिने.
मग नाही."

पहिला सोमवार. पाटो, चौथा मजला.
गळ्यात पट्टा, तीन दिवसांचं प्रशिक्षण.
'मला वाटतं' म्हणायचं नाही,
'आकडे सांगतात' म्हणायचं.
निष्कर्ष मथळ्यातच.
एका पानावर एक विचार, खाली तीन कारणं.
चौथं असलं तर?
इप्शिता म्हणाली, मग दोन एकत्र कर.

या सगळ्या पानांना मिळून डेक म्हणतात.
हे ऐकल्यावर बाबा पहिल्यांदा
माझ्या नोकरीत रमले.
"डेक? केवढा?"
चाळीस पानं.
"आणि धुतं कोण?"
मीच, म्हटलं. रात्री दोनला.

दक्षिणेतलं एक हॉटेल. त्याचं धोबीखातं.
एकोणीस माणसं, जी बाविसाव्या पानावर
'संधी' आहेत, हिरव्या बाणात.
मी तिथे गेले होते वही घेऊन.
रोझालिना नावाची बाई चादरी दुमडत म्हणाली,
तू कोणाची?
मी कंपनीचं नाव सांगितलं.
ते नव्हे. कोणाची?

वाफेने चष्मा धुरकटला होता.
चोडणच्या फेरीवरच्या पुरसोची, मी म्हटलं.
ती पुरसोला ओळखत नव्हती. तरी चादर खाली ठेवली तिने.
मग लिही, म्हणाली.
पगार, मशीन, कंत्राट : तीन कारणं माझ्याकडे होतीच.
चौथं तिने सांगितलं.
एप्रिलनंतर विहिरीला गंजकं पाणी येतं.
मशीन तेच पितं.
पिवळ्या पडलेल्या चादरी आम्ही पाहुण्यांआधी वेगळ्या काढतो,
लिंबू लावून उन्हात टाकतो,
ते कुठल्या खात्यात लिहितात
मला माहीत नाही.

मलाही नव्हतं.

दोनदा प्रयत्न केला. ते दुसऱ्या कशात एकत्र होईना.
शेवटी बाविसाव्या पानाखाली
तळटीप टाकली, आठच्या टायपात,
आणि फाईल पाठवून दिली.

सकाळी बोटीवर उभी आहे.
फळी आता एक नवा मुलगा टाकतो, जरा जोरात.
समोर एक स्कूटर, मागे तांदळाची गोणी,
गोणीवर बसलेली मुलगी, तिच्या मांडीवर कोंबडी.
मी मोजायला जाते आणि अडते.

इप्शिताने तळटीप ठेवली की काढली,
अजून कळलेलं नाही.
नदीच्या मध्यावर
रेंज जाते.